बाळूंच्या नावाची रिकामी जागा

कसोटी क्रिकेटचा एकही सामना न खेळलेल्या गोलंदाजाला क्रिकेटच्या सन्मान दालनात स्थान द्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु प्रश्न पालवणकर बाळू यांचा असेल, तर तो इतक्या सहजपणे झटकून टाकता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातील सर्वोत्तम फिरकी गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव निर्विवादपणे घेतले जात असे, इंग्लंडच्या भूमीवर एका उन्हाळ्यात ज्यांनी शंभराहून अधिक बळी मिळवले आणि तरीही ज्यांना आपल्या संघाचे कर्णधारपद कधी अधिकृतपणे मिळाले नाही, असे हे बाळू. त्यांच्या जन्माला सुमारे दीडशे वर्षे झाली. जागतिक क्रिकेटच्या सन्मान दालनात मात्र त्यांचे नाव नाही.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हे सन्मान दालन जानेवारी २००९ मध्ये सुरू केले. पहिल्या ५५ मानकऱ्यांत सुनील गावसकर, कपिल देव आणि बिशनसिंग बेदी हे तीन भारतीय होते. पुढे अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मांकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडुलजी, नीतू डेव्हिड व महेंद्रसिंग धोनी यांची भर पडली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांतील कामगिरीचे आकडे आहेत. बाळूंच्या नावापुढे तसा एकही आकडा नाही, कारण भारताने आपला पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर खेळला आणि त्या दिवशी बाळूंचे वय ५६ वर्षांच्या आसपास होते. त्या संघाचे कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू होते. विदर्भाच्या त्या सुपुत्राला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी का होईना, कसोटीचे दार उघडे मिळाले. बाळूंच्या उमेदीच्या काळात ते दारच अस्तित्वात नव्हते.

खेळपट्टी झाडणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते व कुटुंब पुण्यात स्थिरावले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरवले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही याच वाटेने आले. एकाच घरातील चार भावांनी वरिष्ठ पातळीवर क्रिकेट खेळावे ही घटना आजही दुर्मीळ आहे. अस्पृश्यतेच्या त्या काळात तर ती जवळजवळ अशक्य कोटीतील होती.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे या कामाचे महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथेही जाळी लावणे, टेनिसची मैदाने आखणे ही कामे होतीच. परंतु तेथे त्यांच्या डाव्या हाताला खरे काम मिळाले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा भारतातील सर्वांत नावाजलेला इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत असे. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्याचा रिवाज होता असे सांगतात.

या सरावाने दोघांचाही लाभ झाला. ग्रेगची फलंदाजी तासून निघाली आणि बाळूंची गोलंदाजी घडली. डावखुरी संथ फिरकी, दोन्ही बाजूंना चेंडू वळवण्याची हातोटी, उंची व वेग यांतील फसवे बदल, शिवाय दिवसभर न थकता टप्पा राखण्याची क्षमता हे गुण याच जाळ्यात पक्के झाले. मात्र या सर्व वर्षांत बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान होता. नोकराने चेंडू टाकायचे, एवढेच त्याचे काम.

मैदानावर शिवाशीव नाही, बाहेर मात्र आहे

ग्रेगला हैराण करणाऱ्या या गोलंदाजाची वार्ता शहरात पोहोचली, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत आणि बाळूंना घ्यायचे तर सोवळे सोडायला हवे. संघाने मधला मार्ग काढला. बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळू लागले. पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे, जेवणाचे ताट व जागा निराळी असे आणि तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास ते त्यांच्याच समाजातील नोकराने आणून द्यावे लागे. चेंडूने न बाटणारा माणूस पेल्याने बाटतो, हे तर्कशास्त्र कोणालाही खटकले नाही.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातील विशेष गाजलेला. बाळूंच्या फिरकीला बोथट करण्यासाठी यजमानांनी कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कडक केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. या पराक्रमानंतर न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांनीही त्यांचे कौतुक केल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. समाज मैदानाबाहेर जे देण्यास तयार नव्हता, ते विजयामुळे थोडे थोडे मिळू लागले होते.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या साथीच्या काळात, बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. तो मावळला तो त्यांच्या गोलंदाजीमुळेच. रेल्वेच्या नोकरीत असताना ते तिच्या संघाकडूनही खेळले. मुंबईच्या जिमखान्यात पुढे त्यांना सहकाऱ्यांसोबत भोजनाला बसता येऊ लागले. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून या पंक्तीपर्यंतचा प्रवास दहा वर्षांच्या आतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे बाळूंच्या बळींचे मोल कळते.

१९०६ ची कलाटणी

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांत सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर साजरा झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारकी पत्राने या विजयाचा वेगळाच अर्थ लावला: जातिभेद बाजूला ठेवून योग्य माणसाला संघात घेतल्याचे हे फळ आहे, असे त्याचे म्हणणे होते.

याच सामन्यांच्या मोसमापासून बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द मोजली जाते आणि सन्मान दालनाच्या चर्चेतील कळीचा मुद्दा येथेच आहे. अधिकृत आकडेवारी सुरू झाली तेव्हा बाळू तिशीला आले होते. पूना क्लबातील वर्षे, पुण्याच्या हिंदू संघाकडून खेळलेले सामने, मुंबईतील पहिले दशक यांतील एकही बळी त्या हिशेबात नाही. बहुतेक गोलंदाजांची कारकीर्द ज्या वयात माथ्यावर असते, त्या वयात बाळूंचा पहिला बळी कागदावर चढला.

तरीही कागद काय सांगतो ते पाहू. १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने, त्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१. डावात पाच वा अधिक बळी घेण्याची कामगिरी १७ वेळा. म्हणजे सामन्यामागे पाचाहून अधिक बळी, तेही अधिकांश वयाच्या पस्तिशीनंतर.

इंग्लंडचा उन्हाळा

१९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, पारशी व मुसलमान खेळाडूंचा हा एकत्रित संघ अनुभवाने तोकडा पडला. २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. या निराशाजनक दौऱ्यात एकच नाव सातत्याने झळकत राहिले. बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते आणि त्यांची सरासरी २०.१२ होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायर व सॉमरसेट या कौंटी संघांवर मिळालेले विजय हे दौऱ्याचे भूषण ठरले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकून संघाला एका गड्याने जिंकून दिले.

हे बळी परक्या हवामानात, परक्या खेळपट्ट्यांवर आणि रोज क्रिकेट खेळून पोट भरणाऱ्या व्यावसायिकांविरुद्ध मिळाले होते. त्या वेळी बाळू ३५ वर्षांचे होते. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स हा डावखुऱ्या फिरकीचा मापदंड मानला जाई आणि बाळूंना भारताचा ऱ्होड्स म्हणत. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

नेतृत्वाची लढाई

गोलंदाज म्हणून मान्यता मिळाली, तरी कर्णधारपद दूरच राहिले. १९१० पासून दरवर्षी बाळूंच्या नावाची चर्चा होई आणि दरवर्षी ते सवर्ण खेळाडूकडे जाई. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतःच १९१३ मध्ये हा मान खरे तर बाळूंचा होता, अशी जाहीर कबुली दिली. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या प्रश्नावर पुन्हा डावलले गेल्याने विठ्ठल व शिवराम यांनी माघार घेतली. क्रिकेटच्या मैदानावर जातीच्या अन्यायाविरुद्ध झालेला हा बहिष्कार होता. लोकमताचा दबाव वाढला. अंतिम सामन्यासाठी तिघे परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमावे लागले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याच्या वाट्याला आला. विठ्ठलरावांनी पुढे आपल्या आठवणी ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी पुस्तकात लिहून ठेवल्या.

निवृत्तीनंतरचे बाळू राजकारणात उतरले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात ते एम. सी. राजा यांच्या बाजूने संयुक्त मतदारसंघाचा पुरस्कार करीत होते आणि पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ज्या तरुणाने कधी त्यांचे मानपत्र लिहिले, त्याच्याच विरोधात उभे राहण्याची वेळ आली. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात बाळू काहीसे विस्मृतीत गेले, त्याचे एक कारण या संघर्षात असावे. सवर्णांच्या क्रिकेट-इतिहासाला ते अडचणीचे आणि दलितांच्या राजकीय इतिहासाला परके, अशी त्यांची दुहेरी उपेक्षा झाली. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘लगान’ या २००१ च्या चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या व्यक्तिरेखेमुळे अनेकांना त्यांची पुन्हा आठवण झाली. रामचंद्र गुहा यांच्या संशोधनाने त्यांचे चरित्र अभ्यासकांपुढे सविस्तर आले.

आकड्यांचा आक्षेप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाळूंच्या समावेशाविरुद्धचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, ३३ सामने ही फार तोकडी कारकीर्द आहे. ऱ्होड्सने प्रथम श्रेणीत चार हजारांहून अधिक बळी घेतले. त्यापुढे १७९ कोठे? दुसरा आक्षेप असा की, त्या काळच्या उघड्या खेळपट्ट्या गोलंदाजांना साथ देत, म्हणून पंधराची सरासरी आजच्या पंधरासारखी मानता येत नाही. तिसरा, सर्वांत ठोस आक्षेप नियमाचा. सन्मान दालनासाठी गोलंदाजाने आंतरराष्ट्रीय सामन्यांत किमान दोनशे बळी घेतलेले असावेत, अशा स्वरूपाचे निकष आहेत. सहानुभूतीपोटी दार उघडले तर निकषांना अर्थ उरणार नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे.

पण या निकषांना परिषदेने स्वतःच वेळोवेळी मुरड घातली आहे. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स अवघे चार कसोटी सामने खेळला. वर्णद्वेषी राजवटीमुळे त्याच्या देशावर बहिष्कार पडला आणि त्याची कारकीर्द खुंटली. तरीही तो पहिल्या ५५ मानकऱ्यांत होता, कारण संधी मिळती तर त्याने काय केले असते याविषयी जाणकारांना शंका नव्हती. वर्णद्वेषाने हिरावलेल्या कसोटी सामन्यांची भरपाई एका गौरवर्णीय फलंदाजाला मिळते, तर जातिभेद आणि वसाहतवाद या दोहोंनी ज्याची वाट अडवली त्या गोलंदाजाला ती का मिळू नये?

२०२१ मध्ये परिषदेने पाच कालखंडांतून दोन-दोन अशा दहा जुन्या खेळाडूंची विशेष निवड केली. त्यांत विनू मांकड होते आणि वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइनही होते. कॉन्स्टंटाइन यांच्या नावावर १८ कसोटींत ५८ बळी आहेत. दोनशेच्या निकषापासून ते कितीतरी दूर. परंतु लंडनच्या हॉटेलने कातडीच्या रंगावरून अपमान केला म्हणून न्यायालयात दाद मागणारा व जिंकणारा माणूस म्हणून त्यांचे स्थान वेगळे होते. खेळ आणि खेळाबाहेरचे कार्य यांचा एकत्र विचार होऊ शकतो, हे त्या निवडीने दाखवले.

ज्यांनी एकही कसोटी खेळली नाही त्यांच्यासाठीही दाखले आहेत. १८६८ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघातील जॉनी मुलाघ याने ४५ सामन्यांत १,६९८ धावा केल्या व २४५ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२० मध्ये त्याला आपल्या देशाच्या क्रिकेट सन्मान दालनात स्थान दिले आणि मेलबर्नच्या नाताळानंतरच्या कसोटीतील सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाचे पदक देण्यास सुरुवात केली. ते पहिले पदक मिळवणारा खेळाडू होता आपला अजिंक्य रहाणे! आपल्या खेळाडूच्या गळ्यात पडलेल्या त्या पदकाने आपल्यालाही विचारले पाहिजे की, आमचा मुलाघ कोठे आहे?

अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे कृष्णवर्णीयांना मुख्य स्पर्धेत मज्जाव होता, त्यामुळे जॉश गिब्सन हा अव्वल फलंदाज १९४७ च्या आरंभी निधन पावेपर्यंत मुख्य स्पर्धेत एकदाही खेळू शकला नाही. १९६६ मध्ये टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूने स्वतःच्याच सन्मान सोहळ्यात या वगळलेल्या खेळाडूंसाठी शब्द टाकला. १९७१ मध्ये सॅचेल पेज आणि १९७२ मध्ये गिब्सन यांना बेसबॉलच्या सन्मान दालनात प्रवेश मिळाला. २०२४ मध्ये तर कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांतील आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले आणि गिब्सन कारकीर्दीच्या फलंदाजी सरासरीत सर्वांच्या पुढे गेला. यांत दया कोणी दाखवली नाही. जुना हिशेब अपुरा होता, तो पुरा केला एवढेच.

मोजमाप कशाचे?

बाळूंच्या बाबतीत हेच करायचे आहे. त्यांची निवड ते दलित होते म्हणून होऊ नये. ती व्हावी त्यांच्या गोलंदाजीवर. इंग्लंडमध्ये त्यांनी घेतलेले प्रथम श्रेणीचे ७५ बळी बाजूला ठेवले, तर उरलेल्या १०४ बळींची सरासरी बाराच्या आत येते. खेळपट्ट्यांची साथ मान्य केली, तरी त्याच खेळपट्ट्यांवर त्यांच्या पिढीतील अन्य भारतीय गोलंदाजांना त्यांची बरोबरी साधता आली नाही. आणि मायदेशी खेळपट्टीचा फायदा मिळाला असे म्हणावे, तर इंग्लंडमध्ये, पराभूत होत जाणाऱ्या संघाकडून, पस्तिशीच्या वयात मिळवलेल्या ११४ बळींचे काय करायचे?

आज मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातील एखाद्या मुलाच्या डाव्या हातात फिरकी असेल, तर त्याच्यापुढे निदान एक शिडी उभी आहे: तालुका, जिल्हा, विदर्भाचा संघ, रणजी करंडक आणि तेथून पुढे. प्रत्येक पायरीवरील कामगिरीची नोंद होते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकून ही शिडी वरपर्यंत पोहोचते हे सिद्ध केले. बाळूंच्या काळात यातले काहीच नव्हते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले, रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. जो खेळाडू शिडी येण्यापूर्वी भिंत चढून गेला, त्याला तू शिडीच्या किती पायऱ्या चढलास असे विचारणे न्यायाचे नाही.

म्हणूनच पुढाकार भारतीय मंडळाने घ्यायला हवा. २०२१ प्रमाणे जुन्या कालखंडांसाठी पुन्हा विशेष निवड व्हावी, तिच्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या कालखंडासाठी बाळूंचे नाव सुचवावे आणि त्यांच्या कागदोपत्री उपलब्ध कामगिरीचा तपशील परिषदेपुढे ठेवावा. जेथे कसोटी हा शब्दच ज्यांच्या वाट्याला आला नाही अशांना जागा नसेल, त्या दालनात क्रिकेटचा इतिहास अर्धाच राहील. निवड झाली तर बाळूंच्या थोरवीत त्यामुळे काही भर पडणार नाही. ज्यांनी त्यांचा चेंडू झेलला आणि पेला मात्र वेगळा ठेवला, त्या खेळाच्या जुन्या देण्यातील एक हप्ता तेवढा फिटेल.